पाहुण्याची वही आणि यजमानाचे घर

दिवाळी अंक हाती पडण्याची वेळ आणि बिऱ्हाडासकट बाहेरगावी निघण्याची वेळ आता एकच होऊन बसली आहे. फराळाचे डबे गाडीच्या मागच्या बाजूस जातात, अंक पुढच्या बाजूस. आणि नरकचतुर्दशीचे अभ्यंगस्नान उरकते न उरकते तोच मंडळी समुद्राकडे वळतात. ह्यात नावे ठेवण्याजोगे काही आहे असे मला मुळीच वाटत नाही. वर्षभर राबणाऱ्या माणसाने चार दिवस समुद्र पाहावा, मुलांनी वाळूत किल्ले करावेत, घरच्या बाईची चार दिवस स्वयंपाकातून सुटका व्हावी, हे सारे योग्यच आहे. मला बोलायचे आहे ते निराळ्या गोष्टीविषयी. आपण प्रवासाला निघतो तेव्हा सामानाबरोबर काही शब्दही घेऊन निघतो, आणि ते आपल्याला बहुतेक वेळा प्रवासवर्णनांनी दिलेले असतात. त्या शब्दांचे मोल कोणाला चुकवावे लागते, हा माझा प्रश्न आहे. तो जितका वाङ्मयाचा आहे तितकाच पोटापाण्याचाही आहे.

मी कादंबऱ्या लिहितो आणि कोकणातल्या एका शाळेत मराठी शिकवतो. समीक्षेची शास्त्रीय परिभाषा मला अवगत नाही. मास्तरकीने जडलेली एक सवय मात्र आहे. निबंधात एखादे गुळगुळीत विशेषण दिसले की त्याखाली लाल रेघ मारायची आणि समासात लिहायचे, ‘कशावरून?’ हीच लाल पेन्सिल घेऊन मी गेल्या काही वर्षांतली कोकणाविषयीची प्रवासवर्णने वाचली. रेघा फार झाल्या. समुद्रकिनारा ‘निसर्गरम्य’, नारळी-पोफळीच्या बागा ‘हिरव्यागार’, घरे ‘टुमदार’ आणि माणसे ‘साधीभोळी’. पहिल्या तीन विशेषणांनी कोणाचे फारसे बिघडत नाही. किनाऱ्याला रम्य म्हटल्याने किनाऱ्यावर काही कर्तव्य येऊन पडत नाही. परंतु माणसाला साधाभोळा म्हटले, आणि त्याचे पोट त्या म्हणण्यावर अवलंबून राहू लागले, की त्याला साधेभोळे दिसणे भाग पडते.

वास्तविक कोकणी माणसाच्या साधेभोळेपणाविषयी आपल्या कादंबरीने कोणाची फसवणूक केलेली नाही. श्री. ना. पेंडसे ह्यांचा ‘गारंबीचा बापू’ १९५२ साली आला. त्या बापूला साधाभोळा म्हणण्याची कोणाची छाती होईल? ‘तुंबाडचे खोत’मधल्या पिढ्यान्‌पिढ्यांचे हेवेदावे वाचल्यावर हे विशेषण ओठावरदेखील येत नाही. जयवंत दळवींच्या ‘सारे प्रवासी घडीचे’ (१९६४) मधली माणसे तिरकस आहेत, इरसाल आहेत, प्रसंगी दुष्टही आहेत. आणि म्हणूनच ती आपल्याला प्रिय होतात. जमिनीच्या वीतभर तुकड्यासाठी दोन पिढ्या कोर्टाच्या पायऱ्या झिजवणारा, शेजाऱ्याच्या माडाची सावली कोठवर पडते ह्याचा हिशेब ठेवणारा हा माणूस प्रवासवर्णनात शिरता शिरता एकाएकी भोळा कसा होतो?

त्याचे कारण मला असे दिसते की, आपल्या वाङ्मयात ह्या एकाच घराच्या दोन खोल्या आहेत आणि मधले दार बंद आहे. एका खोलीत प्रादेशिक कादंबरी आहे. तिथे यजमान बोलतो. पण तिथे पाहुणा आलेलाच नाही. दुसऱ्या खोलीत प्रवासवर्णन आहे. तिथे पाहुणा बोलतो. यजमान फक्त ताट वाढतो, हसतो आणि ‘पुन्हा या’ म्हणतो. पाहुणा उंबरठ्यावर उभा आहे, यजमान आत आहे, दोघांमध्ये पैशाचा व्यवहार व्हायचा आहे आणि दोघेही त्याविषयी थोडे संकोचलेले आहेत, तो क्षण फारसा कोणी लिहिलेला नाही. आजच्या कोकणातले अर्धे नाट्य तर त्याच क्षणात आहे.

आपले प्रवासवर्णन पहिल्यापासून असे होते काय? तसे मुळीच नाही. विष्णुभट गोडसे ह्यांचा ‘माझा प्रवास’ घ्या. वरसईचा हा भिक्षुक घरच्या कर्जापायी १८५७ साली दक्षिणेच्या आशेने उत्तरेकडे निघाला आणि बंडाच्या वणव्यात सापडला. पुस्तक छापले गेले ते १९०७ साली. ह्या पुस्तकात ‘रम्य’ पाहण्याची चैन लेखकाला परवडणारीच नव्हती. कोणी जेवू घातले, कोणी आसरा दिला, कोठे काय मिळाले नि कोठे लुटले गेलो, ह्याकडे त्याचे लक्ष आहे. तो पाहुणा आहे, पण यजमानाच्या दयेवर जगणारा पाहुणा आहे. म्हणून त्याची नजर यजमानाच्या चेहऱ्यावरून हलत नाही. दुसरे उदाहरण इरावती कर्वे ह्यांच्या ‘वाटचाल’ ह्या लेखाचे. तो ‘परिपूर्ती’त (१९४९) आहे. बाई पंढरीच्या वाटेवर दिंडीबरोबर चालल्या, भजनात रमल्या. परंतु एकाच दिंडीतल्या ब्राह्मणांची नि मराठ्यांची पंगत वेगळी बसते हे त्यांनी पाहिले, आणि ते त्यांना बोचले. त्या भक्तीच्या वर्णनात विरघळून गेल्या नाहीत. तिसरे उदाहरण सर्वांच्या माहितीचे. पु. ल. देशपांडे ह्यांच्या ‘अपूर्वाई’त (१९६०) हसू येते ते बहुतेक वेळा पाहुण्याचे. बोटीवर, हॉटेलात, परक्या शहरात गोंधळलेला मराठी मध्यमवर्गीय माणूस हाच तिथला विनोदाचा विषय आहे. परक्याच्या घरी गेल्यावर आपणच थोडे हास्यास्पद असतो, एवढे भान त्या पुस्तकाला आहे.

तीन पुस्तके, तीन स्वभाव. पण एक गुण समान. लिहिणाऱ्याने स्वतःलाही चित्रात घेतले आहे. अलीकडच्या बहुसंख्य प्रवासवर्णनांतून नेमके हेच गेले. लेखक चित्रातून बाहेर पडला नि खिडकीशी जाऊन बसला. मग खिडकीतून जे दिसते त्याला विशेषणे लावणे एवढेच काम उरते. कोठे राहावे, काय खावे, सूर्यास्त कोठून पाहावा ही माहिती उपयोगाची खरी. पण तिला वाङ्मय म्हणण्याचे कारण नाही.

ह्यावर कोणी म्हणेल, “मास्तर, चार पुस्तकांनी काय होते? लोक पुस्तके वाचून थोडेच प्रवासाला जातात?” ह्याचे उत्तर इंग्लंडात मिळते. तिथल्या सरोवरांच्या प्रदेशात वर्ड्‌स्वर्थ राहत असे. १८१० साली त्याने एका चित्रसंग्रहाला प्रस्तावना म्हणून त्या प्रदेशाचे वर्णन लिहिले. पुढे तेच वाढत वाढत प्रवाशांचे मार्गदर्शक पुस्तक झाले आणि १८३५ पर्यंत त्याच्या आवृत्त्या निघत राहिल्या. डोंगर कसे पाहावेत, कोणत्या ऋतूत यावे, हे लोक त्याच्याकडून शिकले. मग १८४४ साली विंडरमिअरपर्यंत आगगाडी नेण्याचा बेत निघाला, तेव्हा हाच कवी वर्तमानपत्रात पत्रे लिहून विरोधाला उभा राहिला. त्याचे एक म्हणणे असे की, सृष्टिसौंदर्य जाणण्याची दृष्टी हळूहळू तयार व्हावी लागते. गाड्या भरभरून आणलेल्या गर्दीला त्यातून फारसे काही मिळायचे नाही. आगगाडी यायची ती आलीच, १८४७ साली. आता ह्यात गंमत पाहा. लोकांना डोळे दिले कवीने, आणि ते डोळे घेऊन लोक आले तेव्हा दार लावायला धावलाही कवीच. त्याची तळमळ खोटी नव्हती. पण त्या सबंध वादात डोंगर कोणी पाहावेत ह्याची जेवढी चर्चा आहे, तेवढी तिथल्या मेंढपाळाच्या घराचे पुढे काय होणार ह्याची नाही. आज तो प्रदेश राष्ट्रीय उद्यान आहे, २०१७ पासून जागतिक वारशाच्या यादीत आहे. आणि बाहेरच्यांनी सुटीपुरती घरे घेऊन ठेवल्यामुळे तिथल्या तरुणांना स्वतःच्याच गावात घर घेणे अवघड झाले आहे. तेव्हा पुस्तकाने काय होते, हे विचारू नये. पुस्तक वाट पाडते, त्या वाटेने कोण येईल हे त्याच्या हातात राहत नाही.

आता कोकणाकडे येऊ. पर्यटनाच्या नावाने नुसते कडाकडा बोटे मोडणे ही लेखकांना सोपी गोष्ट आहे. मला ती करायची नाही. ज्या भूमीवर पिढ्यान्‌पिढ्या मुंबईहून येणाऱ्या मनिऑर्डरीवर चुली पेटल्या, त्या भूमीला ‘पैसा नको, शांतता हवी’ असे सांगण्याचा अधिकार पगारी माणसाला नाही. कोकणी माणूस पैशाच्या शोधात घराबाहेर पडत आला. गोडसे भटजीही त्याचसाठी निघाले होते. तो चाकरमानी झाला, गिरणीत गेला, गणपतीला नि शिमग्याला स्वतःच्याच घरी पाहुणा म्हणून येऊ लागला. १९९७ साली सिंधुदुर्ग हा पर्यटन जिल्हा म्हणून जाहीर झाला, १९९८ साली कोकण रेल्वे संपूर्ण मार्गावर धावू लागली, २०२१ साली चिपीला विमान उतरले. निवास-न्याहारीच्या योजनेमुळे घरातल्या दोन खोल्या पाहुण्यांना देऊन चार पैसे मिळू लागले. पैसा प्रथमच उलट्या दिशेने, दाराशी चालत आला. एखाद्या घरातला मुलगा मुंबईला न जाता गावात राहिला, होडी चालवू लागला, खानावळ घालू लागला, तर त्याच्या आईला जे वाटते ते कुठल्याही लेखाने खोटे ठरवता येणार नाही.

पण ह्या पैशाबरोबर काय काय आले ते यजमानाच्या बाजूने पाहिले पाहिजे. कोकणात वर्षाकाठी ३००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, आणि तरीही कितीतरी वाड्यांत मे महिन्यात विहिरी तळ गाठतात. पाहुण्यांची सर्वांत मोठी गर्दी त्याच महिन्यात. पाहुण्याला दोन वेळ आंघोळीला पाणी लागते. घरची बाई त्या दिवसांत स्वतःच्या कपड्यांचे पाणी माडाला घालते. समुद्रालगतची जमीन विकली जाते, गडगा पाडून तिथे चिऱ्याची उंच भिंत उठते, आणि पूर्वापार समुद्राकडे जाणारी पाणंद एके दिवशी फाटकाशी येऊन थांबते. फाटकाच्या आतल्या घरात माणसे वर्षातून पंधरा दिवस असतात.

आणि ह्याहून सूक्ष्म असा एक बदल आहे. पैसा वस्तूंना मारत नाही; तो त्यांची तिथी काढून घेतो. उकडीचा मोदक पाहा. त्याला चतुर्थी होती. गणेशचतुर्थी झाली की पुढच्या संकष्टीपर्यंत वाट पाहण्यात त्याची अर्धी गोडी होती. आता पाट्यांवर तो बारा महिने आहे. मोदक बिघडलेला नाही. करणाऱ्या बाईचा हात उलट अधिक बसला आहे. पण घरातल्या पोराला आज मोदक का, ह्याचे उत्तर ‘आज संकष्टी’ असे न मिळता ‘आज आठ पाहुणे’ असे मिळते. दशावताराचेही तेच. तुळशीची लग्ने झाली की गावोगावच्या जत्रांतून रात्रभर दशावतार चालतो. लिहिलेली संहिता नाही, तिकीट नाही. नट आयत्या वेळी संवाद रचतात, आणि पहाटे दहीकाला होतो. तो तासाभरात बसवून पाहुण्यांपुढे करता येतो. नटाला त्याचे पैसे मिळतात आणि ते मिळालेच पाहिजेत. परंतु देवळापुढची ती पहाट तासाभरात बसत नाही. दशावताराचा खरा काळ तीच आहे.

मला ही गोष्ट कळली ती कुठल्या ग्रंथातून नव्हे. वर्गात मी ‘मी पाहिलेले प्रेक्षणीय स्थळ’ हा निबंध घातला होता. समुद्राकाठच्या वाडीतली मुले. निम्म्यांनी निबंधमालेतून महाबळेश्वर उतरून काढले. एका मुलीने मात्र लिहिले की, आमचे घर हेच प्रेक्षणीय स्थळ आहे, कारण लोक ते पाहायला येतात. पुढे तिने सरळ हिशेब दिला होता. दिवाळीत खोल्या पाहुण्यांना दिलेल्या असतात, म्हणून ती नि धाकटा भाऊ काकीकडे निजतात. फराळ आधी पाहुण्यांसाठी होतो. पाहुणे फोटो काढतात तेव्हा आई तिला परकर-पोलके नेसायला सांगते. एरवी ती शाळेचा गणवेष नाहीतर मॅक्सी घालते. आणि पाहुणे गेले की मग दोन दिवसांनी त्यांच्या घरी दिवाळी असते. पण तेव्हा कंदील उतरवायची वेळ झालेली असते. निबंधाच्या शेवटी तिने लिहिले होते की, त्या पैशातून दादाची कॉलेजची फी भरली. तक्रारीचा एक शब्द नव्हता. त्या निबंधात मला एकही विशेषण सापडले नाही, लाल पेन्सिल तशीच राहिली. पाहुणा नि यजमान ह्यांच्यामधले बंद दार त्या पोरीने दोन पानांत उघडून दाखवले होते, आणि नफा-तोटा दोन्ही बाजूंनी मांडला होता. आमच्या प्रवासवर्णनकारांना जे चारशे पानांत साधत नाही ते हेच.

यजमानाने ह्यात नुसते वाहत जावे असे मात्र नाही. बाली बेटाची कथा ह्या दृष्टीने विचार करण्याजोगी आहे. तिथे प्रवाशांना आज जो ‘केचक’ नृत्यप्रकार फार प्राचीन म्हणून भुरळ घालतो, तो ह्या रूपात १९३० नंतरच्या काळातला. अंगात येण्याच्या जुन्या विधीतला पुरुषांचा घोष घेऊन, त्यात रामायणाची कथा गुंफून, वाल्टर स्पीस हा जर्मन चित्रकार आणि वायान लिम्बाक हा स्थानिक नर्तक ह्यांनी तो घडवला. म्हणजे पाहुण्याची नजर नि यजमानाची कला ह्यांच्या संयोगातून नवी गोष्ट जन्मालाही येते; सगळेच नासते असे नाही. परंतु पुढे प्रवासी वाढले तेव्हा बालीतल्या जाणत्या मंडळींनी १९७१ साली एकत्र बसून नृत्यांची प्रतवारी केली. देवळाच्या आतल्या भागातली, पूजेचाच भाग असलेली नृत्ये वेगळी. विधीच्या सोबतीने होणारी वेगळी. आणि निव्वळ रंजनाची वेगळी. शेवटची खुशाल विकावीत, पहिली विकू नयेत. ही रेघ सर्वांनी सर्वकाळ पाळली असे मी म्हणणार नाही. पण रेघ यजमानांनी ओढली, ह्याला मोल आहे. आपल्याकडे कोणत्या गोष्टीला पाट लावायचा नि कोणत्या गोष्टीला पाटी लावायची, हे ठरवायला गावातली माणसे अशी एकत्र बसली पाहिजेत. आणि त्यांना बसावेसे वाटण्यासाठी आधी त्यांचे बोलणे कोठेतरी छापून आले पाहिजे.

इथे वाङ्मयाचे काम सुरू होते. प्रवासवर्णनाची माझी कसोटी अगदी साधी आहे. त्यात यजमानाचा वार आहे काय? पाहुण्याला प्रत्येक दिवस रविवार असतो. ज्याच्या घरी तो उतरतो त्याला मात्र सोमवार असतो, बाजाराचा दिवस असतो, वीजबिलाची तारीख असते, घरातल्या म्हातारीचा श्राद्धदिवस असतो. ज्या पुस्तकात हा दुसरा पंचांग दिसतो ते प्रवासवर्णन. ज्यात फक्त पाहुण्याचा रविवार दिसतो ती जाहिरात. गोडसे भटजी ह्या कसोटीला उतरतात, इरावतीबाई उतरतात. आजची चोपडी पुस्तके, त्यांचे कागद नि छायाचित्रे कितीही देखणी असली तरी, बहुधा उतरत नाहीत. कादंबरीकारांनाही माझे एक सांगणे आहे. खोत, कुळे, चाकरमानी हे सारे आपण लिहिले. आता खोली भाड्याने देणारी विधवा, पर्यटकांना डॉल्फिन दाखवणारा कोळ्याचा पोर, जमीन विकून त्याच जमिनीवर राखणदार म्हणून राहिलेला म्हातारा, ही माणसे दारात उभी आहेत. त्यांना आत घ्यायला हवे.

आणि आपण वाचकांनी? आपण जरूर जावे. समुद्र कोणाच्या बापाचा नाही. मात्र ह्या दिवाळीत ज्या घरी उतराल त्या घरच्या बाईला, ताट वाढून झाल्यावर, “तुमचे लक्ष्मीपूजन कधी?” एवढे विचारावे. ती बहुधा हसून “झालं की, तुम्ही यायच्या आधीच” असे म्हणेल. ते खरे असेल किंवा नसेल. पण त्या उत्तरापाशी आपण क्षणभर थांबलो, तर आपल्या वहीत पहिल्यांदाच त्या घराचा एक दिवस उतरेल.